उद्या कोण जिंकणार

माझ्या बातमीच्या कॉपीत ‘काँटे की टक्कर’ हे शब्द पहिल्यांदा आले, त्या दिवशी दीदींनी तो कागद मला परत दिला नाही. खिडकीतून खाली टाकला. आमचं ऑफिस सदर बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. कागद हवेत गिरक्या घेत समोरच्या सराफाच्या ताडपत्रीवर जाऊन बसला. मी खिडकीशी नुसती उभी. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता.

“काहून टाकला ते विचार ना,” दीदी म्हणाल्या.

“का टाकला?”

“दोन संघ उद्या खेळणार हायेत. त्यातला कोणता जिंकणार ते तुले समजलं नाही. नाही समजलं तं तसं लिही, की बाबा, मले समजलं नाही. टक्कर म्हणून काहून लपवून राहिली? टक्कर तं दोन स्कूटरींचीबी होते. पाह्य खाली.”

खाली खरंच दोन स्कूटरी एकमेकींत अडकल्या होत्या आणि दोन्ही मालक भांडत होते.

“आता सांग. यातला कोण जिंकणार?”

मी गोंधळून म्हटलं, “निळ्या शर्टवाला.”

“काहून?”

“तो स्कूटरवरून उतरला नाहीये अजून.”

दीदींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “हव,” म्हणाल्या. “आता हेच मॅचबद्दल लिही.”

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं आणि शहराला अजून त्याची सवय व्हायची होती. जिथे तिथे पाट्या बदलत होत्या. माझे वडील नागपूरहून वीज खात्यात आले, आम्ही चौबे कॉलनीत राहायला लागलो आणि मी एका हिंदी दैनिकाच्या खेळाच्या पानावर चिकटले. मुलगी, त्यात मराठी, त्यात खेळाचं पान. घरी कोणाला पटलं नव्हतं. पण त्या पानावर आधीच एक मराठी बाई बसलेली होती आणि तिच्यापुढे माझं येणं कोणाच्या नजरेतही भरलं नाही.

दीदी जवळजवळ सहा फूट उंच होत्या. रेल्वेकडून बास्केटबॉल खेळलेल्या, मग रेल्वेच्याच ऑफिसात साहेब झालेल्या. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्या या वर्तमानपत्रात फक्त एका कामासाठी आल्या होत्या. मॅचच्या आदल्या दिवशी मॅचबद्दल लिहायचं. निकालाची बातमी दुसऱ्या कोणीही लिहावी. “झाल्यावर तं कोणीबी लिहिते,” त्या म्हणायच्या, “व्हायच्या आधी लिहून दाखवा.” सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला शबनम पिशवी. पिशवीत फुटाणे असायचे. ते त्या सराव बघताना एकट्या खायच्या, कोणाला विचारायच्या नाहीत. संपादकांसकट सगळं शहर त्यांना दीदी म्हणायचं, आणि संपादक त्यांच्याहून मोठे होते.

मी यायच्या आधीची एक गोष्ट ऑफिसात सगळे सांगायचे. आमच्या जिन्याच्या वरच्या टोकाला दार होतं आणि त्याची चौकट फार खाली होती. सगळे मान वाकवून आत जायचे. पहिल्या दिवशी दीदींचं कपाळ त्या चौकटीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी त्या दारापर्यंत आल्या आणि आत शिरल्याच नाहीत. जिन्यावर बसून कॉपी लिहिली, शिपायाच्या हाती आत पाठवली आणि गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मॅनेजर बाहेर आला. “दीदी, बस थोडा-सा झुकना है. हम सब झुकते हैं.”

“वही तो देख रही हूँ,” दीदी म्हणाल्या.

जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या लांब पायांवरून उडी मारावी लागत होती. शेवटी गवंडी आला आणि चौकट वर गेली. मी रुजू झाले तेव्हा त्या दाराभोवतीचा सिमेंटचा पट्टा अजून वेगळा दिसायचा.

त्यांचं लिहिणं पचवणं मात्र ऑफिसला चौकट उचलण्याइतकं सोपं नव्हतं. बाकीचे पत्रकार लिहायचे, दोन्ही संघ तगडे आहेत, मुकाबला रोमांचक होईल. दीदी पहिल्याच वाक्यात कोण जिंकणार ते लिहायच्या आणि मग कारण द्यायच्या. पुष्कळदा त्यांचं चुकायचं. एकदा हॉकीच्या फायनलला त्यांनी आपल्या लेखात ज्या कॉलेजला हरवलं होतं, तेच कॉलेज दणदणीत जिंकलं. ती पोरं बँडबाजा घेऊन ऑफिसखाली आली आणि दीदींच्या नावानं नाचायला लागली. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. दीदी खाली गेल्या, बँड थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि मग विचारलं, “अब यह बताओ, तुम्हारे गोलकीपर को हुआ क्या था? पिछले महीने तक तो सोता था.” पोरं चकित झाली. मग सगळी तिथेच रस्त्यावर उभी राहून त्यांना सांगायला लागली, गोलकीपरनं कसा रोज पहाटे सराव केला ते. दुसऱ्या दिवशी अंकात दीदींचा तुकडा होता. पहिलं वाक्य, ‘मैं गलत थी.’

संपादक कळवळून म्हणाले होते, “दीदी, इसमें अखबार की इज्जत जाती है.”

“ऊपर मेरा नाम छपा है, आपका नहीं. गलती मेरी है, मुझे करने दीजिए.”

त्यांच्याबरोबर सराव बघायला जाणं ही माझी खरी नोकरी होती. त्या कधी खुर्चीत बसल्या नाहीत. बास्केटच्या मागे जमिनीवर मांडी घालायच्या आणि पुष्कळदा डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं झोपल्या. मग अचानक म्हणायच्या, “ती चार नंबरची पोट्टी दमली. पाह्य, चेंडू उशिरा येऊन राहिला जमिनीवर.” मी बघायची तर चार नंबरची मुलगी खरंच कमरेवर हात ठेवून उभी असायची.

मग एका हिवाळ्यात बास्केटबॉलची व्यावसायिक लीग निघाली, तीही मुलींची. आसपासच्या शहरांचे संघ, मालक, रंगीत कपडे, पगारावर खेळणाऱ्या मुली. आमच्या भागात असं कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या एका काकू दीदींना भर रस्त्यात म्हणाल्या, “काय हो, पोरी आता पैसे घेऊन उड्या मारणार?” दीदी म्हणाल्या, “तुमचा जावई बँकेत पैसे घेऊनच बसते ना? मग? बसण्यापेक्षा उडी मारणं कठीण हाय.”

रायपूरच्या संघाचे मालक लोखंडी सळ्यांचे कारखानदार होते. शहर त्यांना सेठजी म्हणायचं. वाईट माणूस नव्हता. संघाच्या मुलींना घरचा डबा पाठवायचे, सरावाला स्वतः येऊन बसायचे. पण त्यांना जिंकायची फार घाई होती. तेलीबांध्याच्या तळ्यापलीकडे एका मोठ्या शेडमध्ये त्यांनी मैदान तयार करून घेतलं. लाकडाची फरशी, तुकड्यातुकड्यांनी जोडायची, ट्रकमधून आलेली. पहिलीच मॅच रायपूर विरुद्ध नागपूर. चौकाचौकात फलक लागले. ‘राजधानी की बेटियाँ.’ उद्‌घाटनाला मंत्री येणार होते.

आदल्या दिवशी दुपारी दीदी आणि मी सराव बघायला गेलो. आधी नागपूरच्या मुलींचा सराव होता. त्यांना मैदानाचा अर्धाच भाग दिला होता. दुसऱ्या अर्ध्यावर खुर्च्या रचलेल्या होत्या. त्या गेल्या आणि आमचा संघ आला, तेव्हा खुर्च्या हलल्या. दीदी बास्केटच्या मागे बसल्या, डोळे मिटले, फुटाण्याची पुडी उघडली. थोड्या वेळानं त्यांचं चावणं थांबलं.

“या अंगाले कोणी खेळतच नाही,” त्या म्हणाल्या. “डाव्या कोपऱ्यात. ऐकलं तू? एकदाही चेंडू तिथं नाही पडला.”

त्या उठून तिकडे निघाल्या. रायपूरची कॅप्टन, दुर्गकडच्या एका गावातली सावळी, चपळ मुलगी, धावत आडवी आली. “दीदी, ओती झन जा. ओती गेंद नइ उछलय.”

तिकडे जाऊ नका, तिकडे चेंडू उसळतच नाही. दीदींनी चेंडू घेऊन टाकून पाहिला. तो ओल्या मातीवर पडावा तसा पडला आणि तिथेच राहिला. फरशीचा एक तुकडा खालून पोकळ झाला होता. ट्रकमध्ये भिजून लाकूड फुगलं होतं आणि दोन तुकड्यांमधली एक कड वर आली होती. मी वाकून हात घातला. माझी बोटं आत गेली.

“कोणाले सांगितलं?” दीदींनी कॅप्टनला विचारलं. मग तिला समजेल असं हिंदीत विचारलं.

“सबको मालूम है दीदी. हम लोग इधर नहीं आते.”

“और नागपुर की लड़कियाँ?”

कॅप्टन खाली बघायला लागली. मग हळूच आपल्या बोलीत म्हणाली, “ओमन ला इही डहर धकेलना हे. कोच साहब कहे हे.”

त्यांना याच बाजूला ढकलायचं होतं. दुसऱ्या अर्ध्या डावात नागपूरच्या मुली याच बास्केटवर चढाई करणार होत्या, आणि आमच्या मुलींनी त्यांना कोपऱ्याकडे रेटायचं, असं ठरलं होतं.

दीदींनी कोचला गाठलं. कोच म्हणाला, “होम ग्राउंड का थोड़ा फायदा तो होता ही है, दीदी.”

“और किसी का पैर टूटा तो?”

“अरे, कुछ नहीं होगा.”

ऑफिसात येऊन त्यांनी सलग लिहिलं. मी शेजारी बसून पहिला कागद वाचला. ‘कल का मैच नागपुर जीतेगा, क्योंकि उसकी लड़कियाँ आपस में बोलकर खेलती हैं. लेकिन यह तब, जब फर्श ठीक होगा. बाएँ कोने का फर्श टूटा हुआ है और यह बात मेज़बान टीम जानती है. फर्श ऐसा ही रहा तो रायपुर जीतेगा, और वह जीत इस शहर के किसी काम की नहीं होगी.’

संपादकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. दार लावून घेतलं, पण त्यांची केबिन प्लायवूडची होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. सेठजींच्या जाहिराती, मंत्री, उद्‌घाटन, सगळं झालं. दीदी ऐकत होत्या. मग संपादक म्हणाले, “और दीदी, आप ठहरीं नागपुर की. लोग क्या समझेंगे?”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मैं इस शहर में तब से हूँ, जब इसे कोई राजधानी नहीं कहता था,” दीदी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मेरी माँ को मैंने इसी शहर में आग दी है. अपने हाथ से. पंडित मना कर रहा था. अब आप बताइए, मैं कहाँ की हूँ?”

संपादकांनी कॉपी छापली नाही. दीदींनी एक शब्दही बदलायला नकार दिला, म्हणून संपादकांनी स्वतः बसून दुसरी लिहिली. सकाळच्या अंकात मोठा मथळा होता, ‘राजधानी में आज काँटे की टक्कर’.

दीदींनी तो अंक माझ्यासमोर वाचला. घडी घालून पिशवीत ठेवला. “चाल,” म्हणाल्या.

मॅच दुपारी होती. शेड खचाखच भरलेली. ढोल, झेंडे, पोराबाळांसकट आलेली कुटुंबं, पहिल्या रांगेत सोफे. मंत्री अजून यायचे होते. आम्हाला पत्रकारांच्या बाकावर जागा होती, पण दीदी बाकापाशी थांबल्याच नाहीत. त्या सरळ मैदानात शिरल्या, डाव्या कोपऱ्यात गेल्या आणि त्या फुगलेल्या कडेवर मांडी घालून बसल्या. सरावाला उतरलेल्या मुली थबकल्या. कर्ण्यावरून कोणीतरी म्हणालं, “कृपया मैदान खाली करें.” दीदींनी साडीचा पदर नीट केला.

आधी दोन स्वयंसेवक आले, मग कोच, मग सेठजी. मी धावत जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. सेठजी हात जोडून वाकले. “दीदी, यह क्या कर रही हैं आप? मंत्रीजी रास्ते में हैं.”

“आने दीजिए. यहीं बिठाऊँगी उनको.”

“मेरी इज्जत का सवाल है.”

“और उन लड़कियों के पैरों का? सेठजी, फर्श खुलवाइए, ठीक कराइए. मैं उठ जाऊँगी.”

“मैच के बाद करवा दूँगा. वचन देता हूँ.”

“मैच के बाद तो मैं भी यहाँ क्यों बैठूँगी?”

लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं. शिट्ट्या सुरू झाल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, “नागपुर वापस जाओ!” आणखी काहींनी ते उचललं. बघता बघता सगळी डावी बाजू तेच ओरडायला लागली. मला वाटलं, दीदी आता उठतील. मी त्यांच्या जागी असते तर उठले असते.

त्या उठल्या. हात पुढे केला. नागपूरच्या एका मुलीनं काही न समजून आपला चेंडू त्यांच्याकडे टाकला. दीदी मैदानाच्या मधोमध गेल्या आणि चेंडू आपटत चालायला लागल्या. साडीत, पांढऱ्या बुटांत, साठीच्या जवळ आलेली ती उंच बाई. चेंडू त्यांच्या हाताखाली असा उसळत होता, की ओरडणारे ओरडता ओरडता बघायला लागले. शेडच्या पत्र्यांत तो आवाज घुमत होता. धप्, धप्, धप्. आणि कोपऱ्यात आल्यावर आवाज बंद झाला. चेंडू पडला, उसळला नाही, दोन हात घरंगळत गेला आणि फटीत टेकून थांबला.

कोणी तरी म्हातारा पंजाबी सरदारजी पहिल्या पायरीवरून म्हणाला, “ओये, यहाँ तो गड्ढा है!”

दीदींनी चेंडूकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तिथेच बसल्या.

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरले नाही. रायपूरची कॅप्टन आपल्या संघातून बाहेर पडली. कोच ओरडला, “कहाँ जा रही है?” ती थांबली नाही. आली आणि दीदींच्या शेजारी बसली. तिचा करार होता, घरी तिच्या पगाराची वाट बघणारी माणसं होती, हे दीदींना आणि मला दोघींनाही ठाऊक होतं.

“तू काहून आली?” दीदी मराठीतच म्हणाल्या. “जा, उठ. ये तेरा झगड़ा नहीं है.”

“मोर मैदान ए दीदी,” ती म्हणाली.

माझं मैदान आहे. मग नागपूरच्या मुली आल्या, एकेक करून. मग आमच्या. दोन रंगांचे कपडे कोपऱ्यात दाटीवाटीनं बसले. मुख्य पंचानं येऊन फटीत हात घातला. सकाळी त्यानं पाहणी केली होती, तेव्हा या कोपऱ्यावर खुर्च्या होत्या. त्यानं शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि सेठजींना सांगितलं, हे दुरुस्त झाल्याशिवाय मी ती वाजवणार नाही.

सुतार आले. मंत्री आले, त्यांना ‘थोड़ी तकनीकी दिक्कत’ सांगून चहा पाजण्यात आला. फरशी उघडली, खाली प्लाय ठोकलं, कड तासली. मॅच दिवे लावून खेळली गेली.

आणि रायपूर जिंकलं! चोख जिंकलं. शेवटचे गुण कॅप्टननं त्याच डाव्या कोपऱ्यातून मिळवले. दीदींचा अंदाज साफ चुकला होता आणि मी त्यांना इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. “पाह्य, पाह्य,” माझा दंड दाबत त्या म्हणत होत्या, “चुकली मी! पाह्य कशी चुकली!”

दुसऱ्या दिवशी संपादकांनी त्यांना सांगितलं, “दीदी, कुछ दिन आराम कीजिए.” त्यांना बोलताना जड जात होतं, ते मी पाहिलं. सेठजींनी शेडच्या दारावरही सांगून ठेवलं होतं, या बाईंना आत सोडायचं नाही. दीदींनी टेबलातली पेन्सिल आणि फुटाण्याची पुडी उचलली. “माझा तुकडा राहिला,” मला म्हणाल्या. “चुकली ते लिहायचं राहिलं.”

ते त्यांनी लिहिलं. चौबे कॉलनीत त्या तळमजल्यावर राहायच्या. फाटकाशेजारच्या भिंतीवर त्यांनी एक फळा टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालेल्या लोकांनी खडूनं लिहिलेलं वाचलं, ‘मैं गलत थी. रायपुर ज़्यादा अच्छा खेला.’ घरमालक कुरकुरले. दीदी म्हणाल्या, “घर तुमचं हाय. खिळा माझा हाय.” पुढच्या प्रत्येक मॅचच्या आदल्या दिवशी त्या फळ्यावर कोण जिंकणार ते लिहिलेलं असायचं. लोक थांबायचे, वाद घालायचे, फाटकातून हाक मारून भांडायचे. एका सकाळी मी पाहिलं, आमचे संपादक स्कूटर थांबवून, हेल्मेट न काढता वाचत होते.

तिकडे कॅप्टनला शिक्षा झाली. कोणी तसं म्हटलं नाही. तिला फक्त बाकावर बसवून ठेवलं. दीदींना ते कळलं, त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, ‘कल रायपुर हारेगा. जिस लड़की ने इस शहर की लाज रखी, वह बेंच पर बैठी है.’

संध्याकाळी सेठजींची गाडी फाटकाशी आली. मी तिथेच होते. कॉलनीतली माणसं गोळा झाली. सेठजींनी फळा वाचला आणि चालकाला म्हणाले, “मिटाओ इसे.” चालक पुढे झाला नाही. दीदी बाहेर आल्या. त्यांनी सेठजींच्या हातात खडू ठेवला.

“गलत लिखा हो तो सुधार दीजिए.”

सेठजी खडू धरून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. मला आधी भीती वाटली, मग का कोण जाणे वाईट वाटलं. त्यांनाही ती मुलगी आवडायची, रोज डबा तिलाच पहिला जायचा. त्यांनी खडू फाटकाच्या खांबावर ठेवला आणि गाडीत बसले. फळा तसाच राहिला.

लीग दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडली. ती लाकडी फरशी मी नंतर एका मॅरेज गार्डनमध्ये पाहिली, वर बाराती नाचत होते. कॅप्टनला पुढे रेल्वेत नोकरी मिळाली, आता ती मुलींना शिकवते. दीदींना ऑफिसनं एकदा परत बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, “मेरा लिखा ज्यों का त्यों छापेंगे?” उत्तर यायला उशीर लागला, तेव्हा त्या हसल्या आणि गेल्या नाहीत. त्या वारल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. नागपूरहून भाऊ न्यायला आला होता आजारपणात, पण त्या इथून हलल्या नाहीत. “मले कुठं न्यायचं नाही,” असं त्याला सांगितलं.

पण मला त्या आठवतात त्या सेठजींनी खडू ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. मॅच होती. दीदींनी तिकीट काढलं होतं आणि दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. तो अवघडला होता. “दीदी, ऊपर से मना है. मेरी नौकरी...”

“तेरी नौकरी को मैं हाथ नहीं लगाती,” दीदी म्हणाल्या आणि त्याच्याच खुर्चीत बाहेर बसल्या. दीदी बाहेर आहेत हे मी कॅप्टनच्या कानावर घातलं होतं. मी आत जा-ये करून त्यांना सांगत होते. रायपूर मागे पडलंय. कॅप्टन बाकावरच आहे. लोक तिच्या नावानं ओरडायला लागलेत. सेठजी उठून कोचच्या कानाशी गेले. कॅप्टन उठली, मैदानात उतरली.

मध्यंतर झालं. आतून अजून ओरडा चालू होता. दार उघडलं आणि कॅप्टन खेळायच्या कपड्यांतच बाहेर आली, घामानं निथळत. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दीदी दिसल्या, तशी ती सरळ आली आणि तिनं त्यांचा हात धरला. पहारेकरी मध्ये आला.

“मोर दीदी ए,” ती त्याला म्हणाली. “भीतर जाही.”

तिचा आवाज मोठा नव्हता. पहारेकऱ्यानं आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. त्या दोघी आत शिरल्या. पहिल्या रांगेत सेठजी होते. त्यांनी दीदींना येताना पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली. पायऱ्यांवरची माणसं सरकली, जागा झाली. दीदी बसल्या, श्वास घेतला, बुटाची नाडी घट्ट केली.

“किती झाले?” त्यांनी मला विचारलं.

“पंधरानं मागे आहोत.”

“हव,” दीदी म्हणाल्या. “चाल, आता पाहू.”